मध्ययुगीन युरोप पाठ होत नाही? मग जुन्या गोव्यातून उलटं चालत जा

माझी भाची बीए फर्स्ट इयरला आहे, हिस्टरी घेऊन. गेल्या चतुर्थीला घरात सगळे माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळापानांचं छत, बांधायच्या गडबडीत आणि ही बाई कोपऱ्यात बसून पुटपुटतेय, चारशे शहात्तर रोम पडलं, आठशे शार्लमेन, एक हजार सहासष्ट हेस्टिंग्ज, बाराशे पंधरा मॅग्ना कार्टा. मी विचारलं, रोम पडलं म्हणजे नक्की काय झालं गे? तर म्हणे मावशी, ते नोट्समधे नाहीये, फक्त 'महत्त्वाचा टर्निंग पॉईंट' एवढंच लिहिलंय.

मी फोंड्याला ट्यूशन घेते, बरीच वर्षं झाली, आणि हे दरवर्षी बघते. मुलं हुशार असतात पण ४७६ पासून सुरुवात करून पुढे पुढे वाचत जातात, ८०० पर्यंत येईतो दम जातो, आणि सगळे राजे एकाच चेहऱ्याचे दिसायला लागतात. म्हणून मी हल्ली उलटं शिकवते. आपण गोव्यात राहतो ना, मग मध्ययुगीन युरोपचं शेवटचं टोक आपल्या दारात येऊन पडलेलं आहे, १५१० मधे, ते धरायचं आणि 'हे का झालं' विचारत मागे मागे ओढत जायचं. भाचीवर हा प्रयोग केला, काय कसं केलं ते सगळं इथे लिहिते, ज्याला परीक्षा आहे त्याला आणि ज्याला नाही त्यालाही चालेल.

आधी भिंत तयार करा

वही नको. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं उलटी करून सेलोटेपने एकाला एक चिकटवा आणि भिंतीवर आडवी लावा. एक वीत म्हणजे शंभर वर्षं. डावीकडे ४००, उजवीकडे १५५०, म्हणजे साडेअकरा विती होतात, हॉलची एक भिंत जाते, घरच्यांना आधी सांगून ठेवा. मधोमध एक आडवी रेघ मारायची, रेघेच्या वर युरोप आणि खाली आपलं.

हे 'खाली आपलं' फार कामाचं आहे. शके १२१२, म्हणजे १२९०, ज्ञानेश्वरी. बरोबर त्याच्या वर लिहा, पोर्तुगालच्या राजा दिनिशने लिस्बनला विद्यापीठ काढलं, तेही १२९०. त्याच वर्षी इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. १३४७ ला खाली बहमनी राज्य सुरू, वर त्याच वर्षी प्लेगची जहाजं सिसिलीत मेसिनाच्या बंदराला लागली. नामदेवांची समाधी १३५०, तेव्हा युरोपात अजून प्रेतं पुरणं चालूच होतं. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ साधारण बाराव्या-तेराव्या शतकातलं, त्याच्या वर पॅरिसचं नोत्र दाम, काम सुरू ११६३. एकदा असं जोडलं की वर्ष विसरत नाही, कारण खालची माणसं ओळखीची असतात. भाचीला विजयनगर १३३६ पाठ होतं, मग शंभर वर्षांचं युद्ध १३३७ ला सुरू झालं हे तिला फुकटात मिळालं.

आता जुन्या गोव्याला जा

बसने जा, कदंबाचीच, म्हणजे सरकारी, मिळाली तर बरं, निदान एका मध्ययुगीन राजघराण्याचं नाव वाचत जाल. जेवणाआधी जा, ऊन फार असतं. आणि म्युझियम बघणार असाल तर सुट्टीचा वार आधी बघून घ्या, आम्ही एकदा बंद दारावरून परत आलोय.

सगळी चर्चेस बघायची नाहीत. बोम जेझू तर आज सोडूनच द्या, ते सोळाव्या शतकाच्या शेवटचं बरोक, आपल्या विषयाच्या पलीकडचं. आपल्याला एक दरवाजा बघायचाय. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च, से कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला, त्याचं बाकी बांधकाम १६६१ चं पण मुख्य दरवाजा जुन्या चर्चचा तसाच ठेवलाय, मॅन्युएलाईन म्हणतात त्या शैलीचा, म्हणजे पोर्तुगालचा राजा मानुएल पहिला याच्या काळची, मध्ययुगातल्या गॉथिक बांधकामाची शेवटची घडी म्हणा. त्याच्यासमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. क्रॉस दिसेल आणि बाजूंना कड्याकड्यांचे गोल दिसतील, ते आर्मिलरी स्फिअर, आकाशातली वर्तुळं दाखवणारं यंत्र, मानुएलचं स्वतःचं चिन्ह. क्रॉस आणि यंत्र, धर्म आणि दर्यावर्दीपणा, एकाच चौकटीत. मध्ययुग कुठे संपतं असं कुणी विचारलं तर मी या दरवाज्याकडे बोट दाखवते, अर्थात परीक्षेत तसं लिहू नका.

वहीत तिथेच तीन प्रश्न लिहा. हे लोक इथे का आले. यांच्या जहाजांवर क्रॉस कसला होता. आणि यांची नावं अशी का. या तीन प्रश्नांवर जवळपास अख्खा सिलॅबस लोंबकळतो.

पहिली दोरी: १५१० पासून मागे

२५ नोव्हेंबर १५१०, सेंट कॅथरीनचा दिवस, आफोन्सो द आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला, तोही दुसऱ्या खेपेला, त्याच वर्षी आधी घेऊन घालवला होता. का आला? कारण १४९८ ला वास्को द गामा कालिकतला पोचलेला. तो का निघाला? कारण १४८८ ला बार्तोलोमेव दियश आफ्रिकेचं टोक वळून आला होता. हे सगळं सुरू कुठून झालं? १४१५, मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउटा, राजा जुआंव पहिला आणि त्याच्या मुलांनी जिंकलं, त्यातला एक मुलगा म्हणजे हेन्री, ज्याला नंतर नॅव्हिगेटर म्हणायला लागले.

आता इथे थांबू नका, अजून मागे ओढा, हा जुआंव राजा झालाच कसा? तो आधीच्या राजाच्या बापाचा, पेद्रो पहिल्याचा, अनौरस मुलगा, गादी त्याची नव्हतीच. १३८३ ला गादीला सरळ वारस उरला नाही, शेजारचा कास्तीलचा राजा बायकोच्या हक्काने राज्य मागायला आला, आणि १४ ऑगस्ट १३८५ ला आल्जुबारोताच्या लढाईत जुआंवच्या लहान फौजेने त्याला धुतला. सोबत थोडे इंग्रज तिरंदाज होते. मग १३८६ ला विंडसरचा तह, १३८७ ला इंग्रज राजघराण्यातल्या फिलिपाशी लग्न, आणि हेन्री हा त्यांचाच मुलगा. आल्जुबारोता उलटं गेलं असतं तर पोर्तुगाल कास्तीलमधे विरघळला असता आणि आपल्याकडे पाववाला पोदेर आला असता की दुसराच कुणी, कोण जाणे.

आणि या तहाचं पुढे काय झालं ते ऐका, हे मी क्लासमधे सांगते तेव्हा मागच्या बेंचवरचे पण वर बघतात. इंग्लंड-पोर्तुगाल मैत्रीचे हे चौदाव्या शतकातले करार कधी मोडले गेलेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ला ब्रिटनने ह्याच मैत्रीचा दाखला देऊन अझोर्स बेटांवर तळ मिळवला. आणि १९६१ मधे भारतीय सैन्य गोव्याच्या सीमेवर जमायला लागलं तेव्हा पोर्तुगालने ती जुनी मैत्री ब्रिटनसमोर ठेवली, तर ब्रिटनने सांगितलं की कॉमनवेल्थमधल्या देशाविरुद्ध आम्ही लढाईत पडू शकत नाही. १९ डिसेंबरला काय झालं ते आपल्याला माहीत आहे. तर 'दीर्घकालीन परिणाम लिहा' असा प्रश्न आला की गाईडमधलं वाक्य नको, हे लिहा, सहाशे वर्षांचा पुरावा आहे.

मधे एक गाठ राहिली, प्लेग. १३४७ च्या ऑक्टोबरात मेसिना, १३४८ मधे फ्रान्स, इंग्लंड, पोर्तुगाल, आणि चार-पाच वर्षांत युरोपातली एक तृतीयांश ते निम्मी माणसं गेली. नुसतं 'लोकसंख्या घटली' म्हणून पुढे जाऊ नका. आपल्याकडे शेत लावायला माणूस मिळत नाही तेव्हा काय होतं? मजुरी वाढते, बाहेरून माणसं आणतात, नाहीतर शेत पड राहतं. तेच झालं. मग जमीनदार आणि राजे घाबरले, इंग्लंडने १३५१ ला कायदा केला की प्लेगच्या आधी जेवढी मजुरी होती तेवढीच घ्यायची. पोर्तुगालने १३७५ ला कायदा केला, सेस्मारियांचा कायदा म्हणतात, की जमीन पड ठेवायची नाही, नाहीतर काढून घेऊ, आणि शेतात राबणाऱ्यांनी ते काम सोडायचं नाही. कायदे करावे लागले यावरूनच कळतं की लोक ऐकत नव्हते. १३८१ ला इंग्लंडमधे शेतकऱ्यांचा उठाव झाला.

फक्त एक काळजी घ्या, 'प्लेगमुळे सरंजामशाही संपली' असं सरसकट लिहू नका. पश्चिमेत कुळांवरची जमीनदारांची पकड ढिली झाली हे खरं, पण पुढच्या दोन-तीन शतकांत पोलंड, प्रशिया बाजूला उलट झालं, तिथे शेतकरी जमिनीला आणखी घट्ट बांधला गेला. रोग एकच, निकाल दोन. हे एक वाक्य लिहिलं की पेपर तपासणाऱ्याला कळतं पोरीने वाचलंय.

क्वारंटाईन हा शब्द पण इथलाच. १३७७ ला राग्युसा, म्हणजे आजचं दुब्रोव्हनिक, तिथे बाहेरून आलेल्यांना तीस दिवस वेगळं ठेवायचा नियम झाला, पुढे चाळीस झाले, आणि व्हेनिसच्या बोलीतला चाळीस म्हणजे क्वारांता. आपण २०२० मधे घरात बसून हा शब्द दिवसातून शंभरदा बोलत होतो. जुनं गोवं ओस का पडलं त्यातही साथीच होत्या, व्हाइसरॉयचं बिऱ्हाड १७५९ ला पणजीला हललं.

दुसरी दोरी: तो क्रॉस

पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर जो लाल क्रॉस असायचा तो ऑर्डर ऑफ क्राईस्टचा. ही संस्था पोर्तुगालमधे १३१९ ला निघाली. निघाली म्हणजे काय, पाटी बदलली. आधी तिथे टेंपलर होते, धर्मयुद्धातले साधू-शिपाई, पैशाने गब्बर. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप त्यांचा कर्जदार होता, त्याने १३०७ ला एका शुक्रवारी, १३ ऑक्टोबरला, फ्रान्समधले सगळे टेंपलर एकदम उचलले, छळ करून कबुल्या घेतल्या, आणि १३१२ ला पोपने ऑर्डरच बंद केली. इतर ठिकाणी मालमत्ता दुसरीकडे गेली, पण पोर्तुगालच्या दिनिश राजाने (तोच विद्यापीठवाला, हुशार माणूस) पोपशी बोलणी करून जमीनजुमला नव्या नावाच्या ऑर्डरकडे वळवला. शंभर वर्षांनी या ऑर्डरचा कारभार हेन्रीकडे आला आणि त्या उत्पन्नातून आफ्रिकेच्या किनाऱ्याच्या सफरी चालल्या. मानुएल राजा पण राजा व्हायच्या आधीपासून याच ऑर्डरचा प्रमुख. म्हणजे जेरुसलेमसाठी गोळा केलेली जमीन शेवटी मिऱ्यांच्या धंद्याला लागली, आणि दरवाज्यावरचा क्रॉस तिथून आला.

मग टेंपलर कुठून आले, तर क्रुसेडमधून, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या त्या धर्मयुद्धांतून. १०९५ ला क्लेर्मोंमधे पोप दुसरा अर्बन बोलला, १०९९ ला जेरुसलेम घेतलं, ११८७ ला सलाहुद्दीनने परत घेतलं, १२०४ ला चौथ्या क्रुसेडवाल्यांनी मुसलमानांना सोडून ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलच लुटलं, १२९१ ला त्यांचं शेवटचं मोठं ठाणं आक्रा गेलं आणि किनाऱ्यावरचा खेळ आटोपला. पण आपल्या कामाचं क्रुसेड दुसरं आहे. ११४७, उत्तरेकडून इंग्रज, फ्लेमिश, जर्मन लोक जहाजांनी जेरुसलेमला चाललेले, वाटेत पोर्तोला थांबले, तिथल्या बिशपने त्यांना गळ घातली की तिकडे कशाला, इथेच लिस्बन मुसलमानांकडे आहे ते घ्यायला आमच्या राजाला मदत करा, लूट तुमची. राजा आफोन्सो एन्रिकीश. चारेक महिने वेढा, ऑक्टोबरात शहर पडलं. नव्या लिस्बनचा पहिला बिशप झाला हेस्टिंग्जचा गिल्बर्ट, एक इंग्रज. पोपने पोर्तुगालला राज्य म्हणून लेखी मान्यता दिली ११७९ ला, आणि १२४९ पर्यंत दक्षिणेचं आल्गार्व पण घेतलं. कास्तीलला मुसलमानांचं शेवटचं राज्य ग्रानाडा मिळायला १४९२ उजाडलं. म्हणजे पोर्तुगालची घरातली लढाई अडीचशे वर्षं आधी संपलेली, हात मोकळे, समोर समुद्र.

तिसरी दोरी: दारावरच्या पाट्या

हे काम घरी परत येताना करायचं. वाटेत दिसतील त्या आडनावांची यादी करा. रॉड्रिग्स, फर्नांडिस, गोन्साल्विस, आल्वारिस, एन्रिकीश. शेवटचा 'इस' म्हणजे आपला 'चा', रॉड्रिग्स म्हणजे रॉड्रिगोचा. रॉड्रिगो नाव लॅटिन नाही, जर्मॅनिक आहे, गॉथ लोकांचं. फर्नांडो, गोन्सालो, आणि ज्याच्या नावाने आपण आंबा खातो तो आफोन्सो, सगळी गॉथिक घराण्यातली नावं. एन्रिकी पण जर्मॅनिकच, पण तो फ्रान्सकडून आलाय, आफोन्सो एन्रिकीशचा बाप बर्गंडीहून लढायला आला होता.

आता हे गॉथ पोर्तुगालात कसे? ४१० ला आलारिकच्या व्हिसिगॉथांनी रोम लुटलं, मग ते सरकत सरकत गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, आणि स्पेनकडे गेले आणि तिथे राज्य केलं, ७११ पर्यंत. ७११ ला तारिक इब्न झियाद सामुद्रधुनी ओलांडून आला, जिब्राल्टर म्हणजे जबल तारिक, तारिकचा डोंगर, आणि त्याच्याशी लढताना जो व्हिसिगॉथ राजा संपला त्याचं नाव रॉड्रिगो. पेडण्यापासून काणकोणपर्यंत ज्या पाट्या लागल्यात त्यावर पाचव्या शतकातली भटकी टोळी बसलेली आहे, वाटेत धर्मांतर, गॉडफादर, पाद्री असा प्रवास करून. भाचीने ही यादी करताना मधेच विचारलं, मग आमच्या शेजारची फर्नांडिस आंटी गॉथ का? नाही गे बाय, नाव गॉथ, आंटी गोंयकार. आंटीला सांगितलं तर तिने अर्धा तास हसून काढला आणि आम्हाला दोदोल दिलं.

आणि ७११ ची खूण बघायची तर पणजीच्या फोंतेन्यसमधे घरांवर निळ्या टाईल्सच्या नावपाट्या असतात ना, त्या आझुलेज. तो शब्द अरबी आहे. आल्गार्व पण अरबी, अल-घर्ब, पश्चिम. पाचशे वर्षांच्या वर शेजार झाला की भांडणासोबत शब्द पण राहतात.

इथेच ४७६ चा निकाल लावून टाका. त्या वर्षी ओडोआकरने रोम्युलस ऑगस्टुलस नावाच्या पोरसवदा बादशहाला काढलं आणि राजचिन्हं कॉन्स्टँटिनोपलला पाठवून दिली, की इथे वेगळा बादशहा नको. पूर्वेचं रोमन साम्राज्य चालूच, अजून जवळपास हजार वर्षं. म्हणून 'रोम पडलं' म्हणजे पश्चिमेची बादशाही बंद पडली, एवढंच. गॉथ आधीच आत होते, पगारी सैन्य म्हणून पण होते.

हे तुमच्या घरच्या कागदात आहे

ही माझी सगळ्यात आवडती दोरी, आणि गाईडमधे हिला दोन ओळी पण नसतात.

गोव्यात कुणाच्या घरी वाटणीचं भिजत घोंगडं नाही सांगा. आमच्या आजोबांच्या घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीची कोर्टकेस, इतकी वर्षं चालली की वकिलांच्या ऑफिसमधला पंखा बदलला, वकील बदलला, केस तीच. पण त्या केसमधे एक गोष्ट मी शिकले. आपल्याकडे माणूस मरताना सगळी इस्टेट वाटेल त्याला लिहून देऊ शकत नाही, निम्मी मुलाबाळांची राखीव, त्याला लेजिटिम म्हणतात, फक्त उरलेल्या निम्म्याचं मृत्युपत्र. ही राखीव हिश्श्याची कल्पना पोर्तुगीज सिव्हिल कोडमधून आली, १८६७ चा, गोव्यात १८७० पासून. आणि पोर्तुगीजांना कुठून? त्या कोडमधे नव्या फ्रेंच कायद्याचा हातही आहे, पण मूळ कल्पना रोमन. रोममधे आधी राखीव हिस्सा एक चतुर्थांश होता, सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या जस्टिनियनने वाढवून एक तृतीयांश केला आणि चारपेक्षा जास्त मुलं असतील तर निम्मा.

मग जस्टिनियनचा कायदा पोर्तुगालला कसा पोचला, हेच तर वळण. पश्चिमेत त्याचा मोठा ग्रंथ, डायजेस्ट, काही शतकं कुणी उघडलाच नव्हता. अकराव्या शतकाच्या शेवटी इटलीत हस्तलिखित परत वापरात आलं, बोलोन्यामधे इर्नेरियस नावाचा मास्तर ओळीओळीला समासात अर्थ लिहून शिकवायला लागला, युरोपभरचे विद्यार्थी तिथे फी भरून यायला लागले, बोलोन्याचं विद्यापीठ आपलं वर्ष १०८८ सांगतं. विद्यार्थीच मास्तरांना दंड करायचे बरं का, तास उशिरा सुरू केला तर. तिथून शिकून गेलेली पोरं राजांच्या दरबारात कारकून, न्यायाधीश झाली, आणि तलवारीसोबत कागद आला. एवढं भिंतीवर लावलं की ५३३ चं डायजेस्ट, १०८८ चं बोलोन्या, १२९० चं लिस्बन, १८६७ चं कोड, आणि आमच्या आजोबांचं घर, एक सरळ रेघ होते.

ज्यांना गोव्याची दोरी नाही

सगळं ओढून ताणून गोव्याला जोडायचं नाही, हेही सांगून ठेवते. ८०० ची नाताळ, फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या डोक्यावर पोप तिसऱ्या लिओने मुकुट ठेवला, ८४३ ला व्हर्दँच्या तहाने नातवांनी राज्य तीन तुकड्यांत वाटलं, पश्चिमेचा पुढे फ्रान्स, पूर्वेचा जर्मनी, मधला कायम भांडणाचा. वाटणी म्हटली की आपल्या लक्षात राहतेच. १०५४ ला पोपचे दूत आणि कॉन्स्टँटिनोपलचे पेट्रिआर्क, म्हणजे तिथले मुख्य धर्मगुरू, यांनी एकमेकांना धर्माबाहेर काढलं. १०६६ ला नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, आणि १०८६ ला गावोगाव माणसं पाठवून कुणाकडे किती जमीन, किती बैल सगळं लिहून घेतलं, डूम्सडे बुक. याला मात्र आपल्याकडे भाऊ आहे, १५२६ चा फोराल, आफोन्सो मेशियाने गांवकऱ्यांच्या रीतीभाती लिहून काढल्या. नवा धनी आला की आधी हिशेब लिहून घेतो.

१२१५ जरा नीट बघा. जून महिन्यात रनीमीडला इंग्लंडच्या जॉन राजाने सरदारांच्या दबावाखाली ६३ कलमांना मोहर लावली. लोकशाही वगैरे काही नव्हती, सरदारांचं भांडण होतं, आणि पोपने काही आठवड्यांतच ती सनद रद्द पण केली. पण जॉन मेला आणि १२१६, १२१७, १२२५ ला सुधारून परत काढत गेले, म्हणून ती जगली. ३९ वं कलम, कायद्याशिवाय स्वतंत्र माणसाला पकडायचं नाही, हे आपल्या घटनेच्या २१ व्या कलमाशेजारी ठेवून वाचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात रोमला चौथी लॅटरन परिषद झाली, तिने ठरवलं की प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून एकदा तरी कन्फेशन करायचं. तुमच्या वाड्यावर ईस्टरच्या आधी चर्चमधे रांग लागते ना, ती १२१५ ची रांग. पाखंड्यांची चौकशी पण याच शतकात, १२३० च्या दशकात, पोप नववा ग्रेगरी. गोव्याचं इन्क्विझिशन १५६० ते १८१२, ते पोर्तुगीज राजसत्तेखालचं वेगळं यंत्र, पण मूळ खोड हेच.

१४५३ चा सापळा

हा प्रश्न हमखास चुकतो. '१४५३ ला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, मसाल्याचा रस्ता बंद झाला, म्हणून युरोपीय समुद्रमार्गाने निघाले.' लहानपणापासून पाठ आहे ना? आता भिंतीकडे बघा. सेउटा १४१५. जिल इआनेश आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या बोजादोर भूशिराच्या पुढे गेला १४३४. निघाले आधी, शहर पडलं नंतर. शिवाय व्हेनिसवाले मिरी घ्यायचे ती जास्त करून अलेक्झांड्रियाला, मामलुकांकडून, म्हणजे इजिप्तच्या सुलतानांकडून, आणि तो धंदा १४५३ नंतरही चालूच होता. पोर्तुगीजांना व्हेनिसचा नफा पाहिजे होता, सोनं पाहिजे होतं, आणि मुसलमानांशी लढाई पुढे न्यायची होती, तिन्ही. १४५३ मोठं आहेच, २१ वर्षांच्या मेहमेदने तोफांनी ते तट फोडले जे हजार वर्षं उभे होते, त्यानंतर उंच दगडी भिंतीवर कुणी विसंबलं नाही. त्या कारणासाठी लिहा, मिऱ्यांसाठी नको.

त्याच दशकात गुटेनबर्गचं छापलेलं बायबल आलं, साधारण १४५५. गोव्यात छापखाना पोचला १५५६ ला, खरंतर तो चाललेला इथिओपियाला, वाटेत इथेच राहिला. आणि १६१६ ला रायतूरला ख्रिस्तपुराण छापलं गेलं, एका इंग्रज जेझुइट पाद्र्याने मराठीत ओव्या लिहून, पण रोमन लिपीत.

उत्तर लिहिताना

चार गोष्टी लिहा, आधी काय होतं, नंतर काय बदललं, कुणाचं नुकसान झालं, आणि आज कुठे दिसतं. तिसरी गोष्ट मुलं नेहमी विसरतात. १४९२ म्हणजे फक्त कोलंबस लिहितात, त्याच वर्षी स्पेनमधून ज्यू हाकलले, त्यातले बरेच पोर्तुगालला आले आणि १४९७ ला तिथे त्यांना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं, ते सुटून जातं. त्याच लोकांतल्या घरचा गार्सिया द ओर्ता, वैद्य, १५३४ ला गोव्यात आला, इथल्या औषधी वनस्पतींवर १५६३ ला गोव्यातच पुस्तक छापलं, आणि मेल्यावर १५८० ला इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. पणजीला चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव आहे. भाचीला पेपरच्या आदल्या दिवशी तिथल्या बाकावर बसवलं आणि १४९२ वर बोलायला लावलं, न बघता. बारा मिनिटं बोलली, मधे एक वर्ष चुकली, सेउटा १४५१ म्हणाली. भिंतीवरचे कागद अजून काढलेले नाहीत, तिच्या आईने खालची बाजू किराण्याच्या यादीला वापरायला घेतलीय.